बेसिकची ‘पहिली लिपी’: कॅपिटल कीवर्ड बोटांना त्रास न देता कसे टाइप करायचे

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. बाईंनी फळ्यावर चार रांगा काढल्या होत्या. पहिली लिपी म्हणजे कॅपिटल, दुसरी म्हणजे स्मॉल, तिसरी आणि चौथी जोडून लिहायची. एकाच अक्षराला चार रूपं कशाला, हा प्रश्न तेव्हा पडला आणि बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना पुन्हा पडला. देवनागरीत ‘क’ हा ‘क’च असतो, मोठा नाही की लहान नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या लेकरांना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक हे बटण मुळातच परकं वाटतं.

लातूरला दर रविवारी सकाळी मी सात-आठ पोरांना बेसिक शिकवतो. परवा एकाच्या मागे उभा राहून नुसतं बघत होतो. पठ्ठ्या एक ओळ टाइप करत होता: फॉर आय बरोबर १ टू एन, मग प्रिंट आय, मग नेक्स्ट आय. कीवर्ड (बेसिकचे स्वतःचे ठरलेले शब्द) कॅपिटल हवेत आणि व्हेरिएबल (आपण दिलेली नावं) स्मॉल, एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणून फॉरच्या आधी कॅप्स लॉक चालू, नंतर बंद. टूच्या आधी चालू, नंतर बंद. प्रिंट आणि नेक्स्टचं तेच. एका ओळीत आठ वेळा कॅप्स लॉक! त्यात एकदा चुकलं की तिथून पुढे सगळं उलटं.

“अरे, हे काय करायलास?”

“सर, कॅपिटल लागतंय की.”

लागतं, पण ते कुणाला लागतं हे आधी बघायला हवं. सगळी गोम तिथेच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेख देवनागरीत असल्यामुळे कीवर्डही मी देवनागरीत लिहितोय. तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. आपल्या लिपीत कॅपिटल दाखवता येत नाही, म्हणून जिथे फरक आहे तिथे ‘कॅपिटल’ किंवा ‘स्मॉल’ असं शब्दातच म्हणेन.

आधी दोन मिनिटांची परीक्षा

तुमच्याकडे जे बेसिक असेल ते उघडा. थेट आज्ञा घेणारं असेल, म्हणजे ‘ओके’ दाखवून किंवा नुसतं एक चिन्ह दाखवून वाट बघत असेल, तर तिथे स्मॉल अक्षरांत प्रिंट २+२ लिहा आणि एंटर मारा. उत्तर ४ आलं तर यंत्राला कॅपिटलची गरज नाही. ‘मिस्टेक’ किंवा तत्सम काही आलं तर ते कडक शिस्तीचं आहे. क्यूबेसिकसारखं एडिटर (प्रोग्राम लिहायची खिडकी) असलेलं बेसिक असेल तर तीच ओळ एडिटरात स्मॉलमध्ये लिहून एंटर मारा आणि त्या ओळीचं काय होतं ते बघा.

या परीक्षेतून तीनपैकी एक गोष्ट कळते: यंत्र स्मॉल घेतं आणि स्वतःच कॅपिटल करून देतं, किंवा स्मॉल घेतं आणि तसंच ठेवतं, किंवा स्मॉल घेतच नाही. पुढचा सगळा उपाय त्यावर ठरतो. ही परीक्षा न करता कॅप्स लॉक बडवत बसणं म्हणजे नळाला पाणी आलंय का ते न बघता बोअरची मोटार चालू करणं.

कॅपिटलची ही सवय आली कुठून? बेसिक जन्मली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती बनवली आणि १ मे १९६४ रोजी तिचा पहिला प्रोग्राम चालला. तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप नावाचं कागदावर छापणारं यंत्र होतं, आणि त्यात स्मॉल अक्षरंच नव्हती. म्हणजे कॅपिटल हा भाषेचा नियम नव्हता, यंत्राची मर्यादा होती. पुढे यंत्रं सुधारली तरी पुस्तकांतून कॅपिटलच छापलं जात राहिलं आणि मग तोच रिवाज झाला. रिवाज वाईट नाही. कीवर्ड कॅपिटल आणि बाकी स्मॉल असलेला प्रोग्राम डोळ्याला पटकन वाचता येतो. पण ते काम बोटांनीच केलं पाहिजे असं कुठे आहे?

क्यूबेसिक आणि क्यूबी ६४: कॅपिटल म्हणजे पोचपावती

क्यूबेसिक १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉस ५ या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलं. आजही डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ते चालतं. क्यूबी ६४ हे त्याच धाटणीचं, पण आजच्या विंडोज, लिनक्सवर थेट चालणारं. या दोन्हींत माझा एकच नियम आहे: कॅप्स लॉकला हातच लावायचा नाही. सगळं स्मॉलमध्ये लिहायचं, एंटर मारायचा. ओळ सोडताक्षणी एडिटर ती वाचतो, ओळखलेले कीवर्ड कॅपिटल करतो, बरोबरच्या चिन्हाभोवती जागाही सोडतो. प्रिंटऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं तरी त्याचं पूर्ण कॅपिटल प्रिंट होतं.

खरा फायदा बोटं वाचण्याचा नाही, तो पुढे आहे. मोंढ्यात माल घातला की आडत्याकडून पट्टी मिळते आणि घरी आल्यावर पहिल्यांदा पट्टीवरचं वजन वाचतो आपण. तसं, स्मॉलमध्ये टाकलेला शब्द कॅपिटल होऊन आला म्हणजे बेसिकने तो मोजून घेतला. स्मॉलच राहिला म्हणजे तो त्याला कळलेला नाही. प्रिंटमधला आय गाळून कुणी ‘प्रंट’ लिहिलं तर क्यूबेसिकचा एडिटर लगेच ओरडत नाही, तुमच्या स्वतःच्या एखाद्या सबरूटीनचं (प्रोग्रामच्या वेगळ्या तुकड्याचं) नाव असेल असं समजून निमूट ठेवून देतो. तक्रार येते ती चालवताना. पण ओळीकडे नुसतं बघितलं तर शब्द स्मॉल राहिलेला दिसतो आणि चूक तिथल्या तिथे सापडते. हाताने कॅपिटल टाइप करणाऱ्याला ही पावती कधीच मिळत नाही, कारण त्याचा चुकलेला शब्दही कॅपिटलच असतो.

आमच्याकडचा पहिला प्रोग्राम सोयाबीनच्या पट्टीचा असतो. लातूरच्या पोरांना बेरीज-वजाबाकीपेक्षा हे पटकन कळतं:

इनपुट “वजन, क्विंटल”, व
इनपुट “भाव”, भ
प्रिंट “रक्कम”, व * भ

हे सगळं स्मॉलमध्ये, एका दमात. १२.४० क्विंटल आणि ४,३०० भाव दिला की ५३,३२० यायला पाहिजेत. आले नाहीत तर आधी इनपुट आणि प्रिंट कॅपिटल झालेत का बघायचं, मग बाकीचं.

एक खोच. क्यूबेसिकमध्ये व्हेरिएबलचं नाव तुम्ही शेवटचं ज्या रूपात टाइप कराल ते रूप सगळ्या प्रोग्रामभर लागतं. म्हणजे वर ‘वजन’ स्मॉलमध्ये असेल आणि खाली चुकून कॅप्स लॉक चालू राहून कॅपिटलमध्ये लिहिलं, तर वरचे सगळे कॅपिटल होतात. प्रोग्राम बिघडत नाही, पण पोरं घाबरतात. पुन्हा एकदा स्मॉलमध्ये टाइप केलं की सगळे जागेवर येतात.

क्यूबी ६४ च्या नव्या आवृत्त्यांत ऑप्शन्स मेनूत कोड लेआउटमध्ये जाऊन कीवर्ड पूर्ण कॅपिटल हवेत, स्मॉल हवेत की मिश्र, हे निवडता येतं. पूर्ण कॅपिटल निवडा. मिश्रमध्ये पावती ठळक दिसत नाही.

पुढे एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला लागलात तर तिथलं व्हीबीए नावाचं बेसिक कीवर्डचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल करतं. तिथे मात्र व्हेरिएबल जाहीर करतानाच नावात एखादं अक्षर मुद्दाम कॅपिटल ठेवा आणि नंतर कायम स्मॉलमध्ये टाइप करा. नाव आपोआप बदललं तर स्पेलिंग बरोबर आहे.

जीडब्ल्यू-बेसिक: ऑल्टची जादू

मी शिकलो ते जीडब्ल्यू-बेसिक या डॉसच्या काळातल्या बेसिकवर. नव्वदच्या दशकात परभणीतला एक क्लास, चपला बाहेर काढून आत जायचं, एका मशीनवर तिघं. भारनियमन कधी होईल याचा भरवसा नाही. माझा साठेक ओळींचा मार्कशीटचा प्रोग्राम दोनदा गेला, कारण सेव्ह टाइप करून, अवतरणचिन्ह देऊन, नाव लिहीपर्यंत लाईट गायब. मग शेजारच्या मुलाने दाखवलं की एफ ४ दाबलं की कॅपिटल सेव्ह आणि अवतरणचिन्ह दोन्ही आपोआप उमटतात, फक्त नाव लिहायचं. हे त्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खालच्या ओळीत ते सतत दिसत असूनही मी कधी वाचलं नव्हतं.

पडद्याच्या तळाची ती ओळ म्हणजे फंक्शन कीची यादी. एफ १ लिस्ट, एफ २ रन, एफ ३ लोड, एफ ४ सेव्ह, एफ ५ कंटिन्यू. एफ २ आणि एफ ५ मध्ये एंटरही आतच असतो. पण कीवर्डसाठी त्याहून भारी चीज आहे ऑल्ट. ऑल्ट धरून एक अक्षर दाबलं की पूर्ण कॅपिटल कीवर्ड उमटतो. पी दाबलं की प्रिंट, आय म्हणजे इनपुट, एफ म्हणजे फॉर, एन म्हणजे नेक्स्ट, जी म्हणजे गोटू, टी म्हणजे देन, ई म्हणजे एल्स, एल म्हणजे लोकेट, सी म्हणजे कलर, एस म्हणजे स्क्रीन, ओ म्हणजे ओपन, यू म्हणजे यूझिंग, डब्ल्यू म्हणजे विड्थ, आर म्हणजे रन. इफला काही नाही, पण दोनच अक्षरं आहेत, चालतं. जे, क्यू, वाय आणि झेड रिकामे आहेत. सगळे पाठ करू नका. पहिल्या आठवड्यात पी, आय, एफ, एन, जी, टी एवढे सहा बोटांत बसवा, बाकी लागतील तसे येतात.

फंक्शन की आपल्या सोयीने बदलताही येतात. एफ ६ मूळचं प्रिंटरसाठी आहे, आज त्याचा काही उपयोग नाही. त्याजागी इनपुट, एक जागा आणि अवतरणचिन्ह असं बसवू. अवतरणचिन्हाच्या आत अवतरणचिन्ह देता येत नाही, म्हणून ते सीएचआर डॉलरने, म्हणजे चिन्हाचा क्रमांक (३४) सांगून, द्यावं लागतं:

की ६, “इनपुट ” + सीएचआर$(३४)

एंटरही आत हवा असेल तर सीएचआर डॉलर १३ जोडायचं. एका कीमध्ये १५ अक्षरंच मावतात, जास्तीची कापली जातात. बेसिक बंद केलं की हे बदल विसरले जातात, म्हणून अशा चार-पाच ओळींचा एक छोटा प्रोग्राम करून ठेवा, शेवटच्या ओळीत न्यू लिहा, आणि बसल्या बसल्या पहिला तो चालवा. तो की बसवतो आणि स्वतःला पुसून पाटी कोरी करून देतो. चालवायच्या आधी सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच फेरीत तो तुमची मेहनतही पुसेल.

आणि ओळ क्रमांक हाताने कशाला लिहिता? ऑल्ट आणि ए दाबलं की ऑटो उमटतं. एंटर मारा, १०, २०, ३० आपोआप येत राहतात. थांबायला कंटरोल आणि ब्रेक.

आता सावधगिरी. जीडब्ल्यू-बेसिकही स्मॉल घेतं आणि लिस्ट केल्यावर कॅपिटल दाखवतं. पण ते व्हेरिएबलसुद्धा कॅपिटल करतं. म्हणजे ‘प्रंट’ असं चुकीचं लिहिलं तरी लिस्टमध्ये ते ऐटीत कॅपिटल दिसणार. क्यूबेसिकची पोचपावती इथे चालत नाही. स्मॉल राहतं ते अवतरणातलं आणि रेममधलं, म्हणजे टिपांमधलं. म्हणून इथे ऑल्टच वापरावा: बेसिकने स्वतः लिहिलेला शब्द चुकत नाही.

आज जीडब्ल्यू-बेसिक चालवायला पीसी-बेसिक नावाचा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्राम, सोपा पडतो. ऑल्टचे हे सगळे शॉर्टकट त्यात आहेत. लॅपटॉपवर एफ ४ दाबल्यावर सेव्हऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला, तर एफएन बटण सोबत धरा. प्रोग्राम नंतर नोटपॅडमध्ये उघडायचा असेल तर सेव्ह करताना नावानंतर अवतरण बंद करून स्वल्पविराम आणि ए द्या. नाहीतर फाइल टोकनच्या, म्हणजे सांकेतिक रूपात जाते आणि नोटपॅडमध्ये नुसता कचरा दिसतो.

बीबीसी बेसिक: इथे मात्र कॅपिटलच

१९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या क्लास योजनेत देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले होते. त्या यंत्राची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिलेली, वेगवान आणि नीटस, पण कीवर्डच्या बाबतीत कडक. स्मॉलमध्ये प्रिंट लिहिलं की सरळ ‘मिस्टेक’. आज विंडोजवर आणि इतरत्र तिच्या नव्या आवृत्त्या चालतात, त्यांची मूळ वृत्ती तीच.

कडकपणाला कारण आहे. इथे व्हेरिएबल कीवर्डने सुरू होऊन चालत नाही. कॅपिटलमध्ये ‘टोटल’ लिहिलं तर त्यातला टू आधी कीवर्ड म्हणून उचलला जातो आणि उरलेलं लटकतं. स्मॉलमधल्या ‘टोटल’ला काही धोका नाही. म्हणून कीवर्ड कॅपिटल, व्हेरिएबल स्मॉल, ही विभागणी इथे शोभेची नाही, कामाची आहे.

उपाय तीन. पहिला, संक्षेप. कॅपिटल पी आणि टिंब म्हणजे प्रिंट. आय टिंब इनपुट, एफ टिंब फॉर, एन टिंब नेक्स्ट, जी टिंब गोटू, यू टिंब अंटिल, आर-ई-पी टिंब रिपीट, एल टिंब लिस्ट. लिस्ट केल्यावर पूर्ण शब्द दिसतात. एका अक्षरासाठी शिफ्ट धरायला कुणाची हरकत नसते, त्यामुळे कॅप्स लॉकची गरजच संपते.

दुसरा, उलटा शिफ्ट. विंडोजवर कॅप्स लॉक चालू असताना शिफ्ट धरून अक्षर दाबलं तर ते स्मॉल येतं. मग कॅप्स लॉक कायम चालू ठेवा आणि स्मॉलसाठी शिफ्ट धरा. व्हेरिएबल एका-दोन अक्षरांचे असतील तर हे झकास चालतं, लांब असतील तर बोटं दुखतात. मॅकवर ही युक्ती चालत नाही, तिथे कॅप्स लॉक आणि शिफ्ट मिळूनही कॅपिटलच येतं.

तिसरा, विंडोजच्या आवृत्तीत ऑप्शन्समध्ये स्मॉल कीवर्ड घेण्याची सोय चालू करणं. मी ती पोरांना देत नाही. ती चालू केली की स्मॉलमधल्या ‘टोटल’लाही वर सांगितलेला धोका लागू होतो.

साध्या एडिटरमध्ये लिहीत असाल तर

साध्या एडिटरमध्ये लिहून चालवता येणाऱ्या फ्रीबेसिक या बेसिकला कॅपिटल-स्मॉलचं सोयरसुतक नाही. स्मॉलमध्ये लिहिलेलं स्मॉलच राहतं, चालतं. कॅपिटल हवं असेल ते केवळ डोळ्याला. तेव्हा लिहिताना विचारच करू नका, शेवटी एकदम बदला. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शब्द निवडून कंटरोल, शिफ्ट आणि यू दाबलं की कॅपिटल. सगळे एकदम बदलायचे तर कंटरोल एच, वरच्या चौकटीत स्मॉल प्रिंट, खाली कॅपिटल प्रिंट, आणि ‘पूर्ण शब्दच जुळवा’ या खुणेवर टिक नक्की करा. ती विसरलात तर ‘प्रिंटर’ नावाच्या व्हेरिएबलचा अर्धा भाग कॅपिटल होतो. अवतरणातले शब्दही यात बदलतात, तेवढे डोळ्याखालून घाला.

टाइप करतानाच बदल हवा असेल तर विंडोजवर ऑटोहॉटकी नावाचा प्रोग्राम आहे. त्याच्या फाइलीत एकेका कीवर्डसाठी एकेक ओळ: दोन कोलन, स्मॉल शब्द, पुन्हा दोन कोलन, कॅपिटल शब्द. मग स्मॉल शब्द लिहून स्पेस मारली की कॅपिटल उमटतो. मात्र हे फक्त तुमच्या बेसिकच्या खिडकीपुरतं मर्यादित करा, तशी सोय त्यात आहे. मी एकदा केलं नव्हतं. त्या दिवशी एका कार्यालयाला पाठवलेल्या इंग्रजी अर्जात प्रत्येक फॉर, इफ आणि टू ठणठणीत कॅपिटल गेला. वाचणाऱ्याला मी त्याच्यावर ओरडतोय असंच वाटलं असणार.

बोटं आणि विंडोजच्या दोन सेटिंग

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्यांना हे सांगायला नको: अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजवा, अक्षर उजव्या हाताचं असेल तर शिफ्ट डावा. आमची पोरं सगळं डाव्या करंगळीने करतात आणि अर्ध्या तासाने हात झटकतात. जुन्या टाइपरायटरवरच्या शिफ्ट लॉकने आकड्यांचीही चिन्हं व्हायची. कॅप्स लॉक आकड्यांना हात लावत नाही. म्हणून ओळ क्रमांक लिहायला तो बंद करायची गरज नसते, पण अवतरणचिन्ह आणि डॉलरला शिफ्ट लागतोच.

विंडोजच्या कीबोर्ड भाषांच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘शिफ्ट दाबल्यावर कॅप्स लॉक बंद’ असा पर्याय आहे. कॅप्स लॉक चालू राहून गेला ही तक्रार त्याने बरीच कमी होते. उलटा शिफ्ट वापरणाऱ्यांनी मात्र तो चालू करू नये, उघडच आहे. दुसरं, ॲक्सेसिबिलिटीत टॉगल कीज चालू केलं की कॅप्स लॉक दाबताना बीप वाजतो. वर्गात आठ मशीनवर एकदम चालू केलं की डोकं उठतं, घरी एकट्याला ठीक आहे.

उरली एक खास आपली भानगड. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिलेला असताना नोटपॅडमध्ये स्मॉल प्रिंट टाइप केलं की उमटतं ‘जीगलू’. पोराला वाटतं कॅपिटलचा घोळ असेल, म्हणून तो शिफ्ट धरून पुन्हा लिहितो, तर येतं ‘झईघळऊ’. कॅप्स लॉकचा इथे दोष नाही. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा इंग्रजी करायची, एवढंच. आमच्या वर्गात आता कुणाचाही कीबोर्ड मराठीवर अडकला की मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, माझं जीगलू झालंय!”